आपा, पहिले गिनो

मी उर्दू आणि मराठी शिकवते. तरीही आज सर्व्हरबद्दल लिहिणार आहे. कारण २०१९ च्या मे महिन्यात एका पडलेल्या सर्व्हरपायी आमच्या संस्थेच्या गुणपत्रिकेतून उर्दू कायमची जाणार होती, आणि तिच्या जाण्याला कारण मीच ठरणार होते.

थोडं मागचं सांगते. बी.ए. झाल्यावर आणि बी.एड.ला प्रवेश मिळेपर्यंत मधलं एक वर्ष रिकामं होतं. अब्बांनी मला जावाच्या डिप्लोमाला घातलं. २००२ ची गोष्ट. तेव्हा घराघरात ‘कॉम्प्युटर शिक, नोकरी लागेल’ हा एकच मंत्र होता. नोकरी शेवटी शिक्षिकेचीच लागली, पण जावा डोक्यात राहिली. पुढे संस्थेने तिन्ही शाळांचे निकाल ऑनलाइन द्यायचं ठरवलं. बाहेरच्या कंपनीने सांगितलेला खर्च परवडणारा नव्हता. मी म्हटलं, मी करते. शाळा सुटल्यावर आणि रविवारी बसून चार महिन्यांत मी ते काम पूर्ण केलं. जावा ११, टॉमकॅट ९ आणि भाड्याने घेतलेलं दोन जीबी मेमरीचं लिनक्स मशीन. डेटाबेसही त्याच मशीनवर.

टॉमकॅट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. पालक मोबाइलवर पान उघडतात, तेव्हा ती मागणी आमच्या मशीनवर येते. ती घेऊन, माझा प्रोग्राम चालवून उत्तर परत पाठवणारा कारभारी म्हणजे टॉमकॅट. मुळात तो सन कंपनीत जन्मला आणि १९९९ मध्ये अपाचे फाउंडेशनकडे आला. तो फुकट आहे आणि जगभर चालतो. त्याच्याकडे थ्रेड म्हणजे धागे असतात. बँकेच्या खिडकीवरचे कारकूनच म्हणा ना. एक कारकून एका वेळी एकाच ग्राहकाचं काम करतो. आपण काही बदललं नाही तर असे जास्तीत जास्त २०० कारकून असतात. त्यांना कामासाठी जे सामाईक टेबल मिळतं, त्याला हीप म्हणतात. हीपची मर्यादा आपण सांगितली नाही तर जावा साधारणपणे मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा धरते. म्हणजे आमच्याकडे ५१२ एमबी.

गुणपत्रिका तीन भाषांत होती. उर्दू, मराठी आणि इंग्रजी. उर्दूसाठी मीच हट्ट धरला होता. आमच्याकडच्या कितीतरी आया शाळेत गेलेल्या नाहीत, पण लहानपणी मदरशात उर्दू वाचायला शिकल्या आहेत. मुलीचा निकाल त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाचणाराही बहुतेक वेळा ती मुलगीच असते.

१ मे ला सकाळी नऊ वाजता निकाल खुला केला. नऊ वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर पडला.

नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ होती ‘आउट ऑफ मेमरी एरर : जावा हीप स्पेस’. मी टॉमकॅट पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांनी तेच. फोन खणखणायला लागले. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. मेमरी कमी पडते आहे ना, मग वाढवू, असा विचार करून मी हीपची मर्यादा थेट दीड जीबी केली. वीस-पंचवीस मिनिटं बरं चाललं. मग टॉमकॅट गायबच झाला. या वेळी त्याच्या लॉगमध्ये एक अक्षरही नव्हतं. माणूस निरोप न घेता उठून जातो, तसं.

ते का झालं, हे मला नंतर कळलं. मशीनला एकूण मेमरी दोन जीबी. त्यात लिनक्सला जागा हवी, डेटाबेसला हवी. मी एकट्या जावाला दीड जीबीचं आश्वासन देऊन बसले होते. सगळ्यांची मिळून मेमरी संपली, की लिनक्स सर्वांत जास्त खाणाऱ्याला शोधून बंद पाडते. ती नोंद टॉमकॅटच्या वहीत नसते, लिनक्सच्या स्वतःच्या वहीत असते. ती वही मी उघडलीच नव्हती.

मर्यादा थोडी खाली आणून पुन्हा सुरू केलं. आता लोक म्हणत होते, ‘मॅडम, नुसतं गोल फिरतंय.’ इंटरनेटवर शोधलं, तर कुणीतरी सुचवलं होतं की कारकून वाढवा. मी मॅक्सथ्रेड्सचा आकडा २०० वरून १००० केला. पालक कंटाळून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होते आणि प्रत्येक रिफ्रेश म्हणजे नवी मागणी, नवा कारकून. थोड्याच वेळात तिसरी ओळ आली. तीही ‘आउट ऑफ मेमरी एरर’नेच सुरू होत होती, पण पुढे वेगळं होतं. नवा नेटिव्ह थ्रेड तयार करता येत नाही, कदाचित मेमरी संपली असेल किंवा प्रोसेसची मर्यादा आली असेल. मी घाईत फक्त ‘मेमरी’ हा शब्द वाचला आणि हीप पुन्हा वाढवली.

हे औषध उलटं होतं. धाग्याची स्वतःची जागा, ज्याला स्टॅक म्हणतात, ती हीपच्या बाहेर असते. ६४ बिट लिनक्सवर एका धाग्यामागे एक एमबीपर्यंत जागा राखली जाते. हीप जितकी फुगवावी, तितकी बाहेरची जागा आटते. शिवाय आमच्या भाड्याच्या योजनेत एका वेळी किती धागे चालवता येतील, यावरच मर्यादा होती. त्या मर्यादेचा मेमरीशी काही संबंध नव्हता. एकाच सकाळी मला तीन वेगळे ताप भेटले आणि तिन्हींवर मी एकच गोळी दिली.

बारा वाजता साइट बंद केली. वर्गावर्गात याद्या लावून निकाल सांगितला.

संध्याकाळी बैठक झाली. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. सेक्रेटरीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, उर्दूचं ओझं त्या मशीनला पेलवत नाही असं दिसतंय. मराठी-इंग्रजी ठेवू या. शनिवारी पुन्हा खुलं करू. मुलांना सगळं वाचता येतंच की.” एक सदस्य म्हणाले, मोठं मशीन घ्या. त्याच्या भाड्याचा आकडा ऐकून तो विषय तिथेच संपला.

मी काहीच बोलले नाही. कारण मलाही मनातून तसंच वाटत होतं. एकट्या मराठी-इंग्रजीसाठी मी एवढा खटाटोप केलाच नसता. जे काही जड झालं होतं, ते उर्दूसाठी केलेल्या कामातूनच झालं होतं.

रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. उर्दू माध्यमातूनच शिकलेला, आता पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. मी सकाळपासूनची सगळी हकिकत सांगितली. हीप किती वाढवली, धागे किती वाढवले. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, “आपा, बढाया तो बहुत. गिना कब?”

मी गप्प.

“पहिले गिनो आपा, फिर बढाओ. टेबल पे क्या पडा है, देखा क्या?”

पाढे शिकवताना मी त्याला ‘अंदाजे नको, मोजून सांग’ म्हणत असे. आता तो मला तेच सांगत होता.

मग रात्री साडेदहाला त्याने फोनवरून मला शिकवायला सुरुवात केली. आधी आजार पुन्हा उभा करायचा. जेमीटर नावाच्या फुकट प्रोग्रामने माझ्या लॅपटॉपवरून तीस खोटे पालक एकदम साइटवर सोडले. दोन मिनिटांत सर्व्हर गुदमरला. तो पडायच्या आत जेस्टॅक या साधनाने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा धाग्यांची हजेरी घेतली. कोणता कारकून या क्षणी कोणत्या ओळीवर उभा आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. एकदाच घेतली तर योगायोग असू शकतो, म्हणून तीनदा. तिन्ही वेळा बहुतेक कारकून एकाच ठिकाणी अडकलेले होते. मी लिहिलेल्या, गुणपत्रिकेचं चित्र काढणाऱ्या भागात.

मग जेमॅप. हीपमध्ये कोणत्या प्रकारच्या वस्तू किती आहेत आणि किती जागा अडवून बसल्या आहेत, याची यादी ते देतं. सर्वांत वर एकच ओळ, आणि जवळजवळ सगळी जागा तिचीच. पूर्णांकांच्या प्रचंड लांब रांगा. “ये क्या है आपा?” त्याने विचारलं. मला लगेच कळलं. ती माझी चित्रं होती.

चित्रं का, ते सांगते. आपली उर्दू नस्तालीकमध्ये लिहिली जाते. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत जातो आणि शेजारी कोण आहे त्यानुसार अक्षराचा आकार बदलतो. मी वापरलेल्या पीडीएफच्या साधनात ही अक्षरं सुटी सुटी पडत होती. मग मी पळवाट काढली. जावाकडून अख्खी गुणपत्रिका चित्र म्हणून रेखाटून घ्यायची आणि ते चित्र पालकांना पाठवायचं. छपाई स्वच्छ यावी म्हणून ३०० डीपीआय. ए-फोर आकाराचा कागद म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. हा गुणाकार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. सुमारे ३५ एमबी. एका मुलाच्या एका गुणपत्रिकेला!

५१२ भागिले ३५. चौदा-पंधरा. म्हणजे पंधरावं घर आलं की आमचं टेबल भरलं. साडेआठशे मुलं होती.

तरी एक प्रश्न उरत होता. चित्र पाठवून झालं की जागा मोकळी व्हायला हवी. जावामध्ये गार्बेज कलेक्टर असतो. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली, जावाने ती घराघरात नेली. आपल्या घंटागाडीसारखा तो फिरत असतो. पण घंटागाडी दाराबाहेर ठेवलेलंच नेते, कपाटातलं नेत नाही. माझी चित्रं कुणाच्या कपाटात होती? हीपची पूर्ण प्रत काढून एक्लिप्सच्या मेमरी अनॅलायझरमध्ये उघडली. एका रांगेवर बोट ठेवून ‘हिला कुणी धरून ठेवलंय’ असं विचारलं, की ते साखळी दाखवतं. साखळीच्या टोकाला होतं सेशन.

पालक साइटवर आले की त्यांच्या नावाची एक पिशवी सर्व्हरवर तयार होते, तिला सेशन म्हणतात. पालकांनी पुन्हा डाउनलोड केलं तर वेळ वाचावा, म्हणून मीच ते चित्र पिशवीत टाकून ठेवलं होतं. एका ओळीचा कोड. लिहिताना स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. टॉमकॅट ही पिशवी शेवटच्या वापरानंतर ३० मिनिटं सांभाळतो. म्हणजे पालक निकाल पाहून मोबाइल खिशात टाकून घरी गेले, तरी त्यांचे ३५ एमबी माझ्या टेबलावर अर्धा तास पडून होते.

आता सकाळचा सगळा उलगडा झाला. हीप वाढवल्यावर सर्व्हर बरा झाला नव्हता, फक्त उशिरा पडला होता. कारकून वाढवल्यावर तर एका वेळी आणखी जास्त चित्रं काढली जाऊ लागली. २०० जण एकदम चित्र काढायला बसले तर सात हजार एमबी लागतात. मी १००० जणांना बसवायला निघाले होते.

सेशनची ती ओळ काढली. फरक पडला, पण तीस पालक एकदम आले की अजूनही दम लागत होता. मी म्हटलं, डीपीआय कमी करते. तेव्हा त्याने खरा प्रश्न विचारला. “आपा, तसवीर कायको? उर्दू तो हर्फ है ना? फोन के ब्राउजर को नस्तालीक आती है.”

हर्फ, म्हणजे अक्षर. या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. माझ्या पिढीने कॉम्प्युटरवर उर्दू चित्र म्हणूनच पाहिली. उर्दू दैनिकं आधी कातिबांनी हाताने लिहिलेली असत. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांच्या सुलेखनावरून नूरी नस्तालीक तयार झालं आणि छपाईला कॉम्प्युटर आला. पण इंटरनेटवर पुढे कितीतरी वर्षं उर्दू पानं फोटो म्हणूनच चढवली जात होती. शोधता येत नाहीत, कॉपी करता येत नाहीत, उघडायला वेळ लागतो. उर्दू म्हणजे असंच जड काहीतरी, हे आमच्याही डोक्यात बसलं. दरम्यान युनिकोड आलं, गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळू लागला, फोन बदलले. मी मात्र जुन्याच समजुतीवर प्रोग्राम लिहून बसले होते.

दोन रात्री बसून मी चित्र काढणारा भाग पूर्ण काढून टाकला. आता सर्व्हर फक्त अक्षरं पाठवतो. एका गुणपत्रिकेचा मजकूर दहा-बारा केबी. अक्षरांना नस्तालीकचं वळण देण्याचं काम पालकांचा फोन स्वतः करतो. फॉन्टची फाइल एकदा उतरते आणि फोनमध्ये राहते. हीप ७६८ एमबीवर आणली, धागे परत २०० वर. पुन्हा जेमीटर लावला. या वेळी शंभर खोटे पालक. मेमरीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर जाऊन खाली येत होता, आणि तसा तो यायलाच हवा. एका वेळी वीसपेक्षा जास्त कारकून कधी कामात दिसले नाहीत.

याचंही गणित त्याने सांगितलं. सेकंदाला दहा माणसं येत असतील आणि प्रत्येकाला चार सेकंद लागत असतील, तर सरासरी चाळीस कारकून गुंतलेले राहतात. तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागात झालं, तर एकच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा नियम रीतसर सिद्ध केला. रांग लांब असेल तर खिडक्या वाढवण्याआधी, एका माणसाला इतका वेळ का लागतोय ते पाहावं.

शुक्रवारी संध्याकाळी बैठकीत मी उभी राहिले. सांगितलं की दोष उर्दूचा नव्हता, मशीनचाही नव्हता. माझ्या कामात दोन चुका होत्या आणि त्या मी दुरुस्त केल्या आहेत. चित्राचा गुणाकार फळ्यावर करून दाखवला. हेही सांगितलं, की तेवढंच मोठं चित्र मराठीचं काढलं असतं तरी ३५ एमबीच लागले असते. ठिपक्याला भाषा कळत नाही. सेक्रेटरीसाहेबांनी गुणाकार स्वतः मोबाइलवर करून पाहिला आणि म्हणाले, “मग उद्या तिन्ही भाषा ठेवा.”

४ मे ला शनिवारी सकाळी दहाला निकाल पुन्हा खुला केला. सर्व्हर दिवसभर चालला. सगळं छान झालं असं नाही. काही जुन्या फोनवर नस्तालीक न येता साध्या नस्ख अक्षरांत उर्दू दिसली. वाचता येत होती, पण डोळ्यांना सवय नव्हती. दोन ठिकाणी प्रिंट नीट आली नाही, ती शाळेतून काढून दिली.

तुमच्या शाळेची किंवा संस्थेची अशी साइट असेल, तर एवढंच सांगते. ‘आउट ऑफ मेमरी’च्या पुढची ओळ शेवटपर्यंत वाचा. हीप म्हटलंय का थ्रेड, ते पाहा. सर्व्हर काही न बोलता गेला असेल, तर लिनक्सची वही उघडा. हीप संपताच तिची प्रत आपोआप निघेल अशी सोय जावामध्ये आहे, ती आधीपासून चालू ठेवा. पडल्यावर पुरावा शोधायला उशीर झालेला असतो. आणि निकालाच्या दिवसाआधी एकदा तरी खोट्या गर्दीने साइट तपासा. आम्ही तिघी शिक्षिकांनी आलटून पालटून उघडून पाहिली होती आणि ‘चालतंय’ म्हणून मोकळ्या झालो होतो.

त्या शनिवारी दुपारी माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. घरी विड्या वळते. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता, बाजाराची पिशवी हातातच होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मला वाटलं, पान उघडत नाही म्हणून आली असेल. पण पान उघडलेलं होतं. तिने स्वतः वाचलं होतं, सगळं, खालच्या शेऱ्यापर्यंत. हजेरीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “आपा, ये इकत्तीस नागे लिखे हैं ना, ये बच्ची के नहीं, मेरे हैं. बिडी का माल ज्यादा आया तो मैंच उसको घर बिठाती थी.”

मुलगी वर्षभर मला पोटदुखी सांगत होती. अम्मीला तिने काय वाचून दाखवलं असतं, कुणास ठाऊक.

मी तिला बसायला खुर्ची दिली. पुढच्या वर्षीच्या खाड्यांबद्दल आम्ही दोघी बराच वेळ बोललो.